एक वाक्य गाळलेली पुस्तिका

मित्रांनो, माझ्याकडे बघून वाटणार नाही, पण मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. आमच्या धंद्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. मला पुठ्ठा नाही, पानं नाहीत. मी संगणकात राहते आणि मला माणसं फारशी वाचतच नाहीत. मला वाचतात एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम संगणकावर परस्पर उरकणारे मदतनीस. वेबसाइट उघडणं, बटण दाबणं, फॉर्म भरणं हे ते ज्या टूलने करतात, ते कसं वापरायचं हे मी सांगते. कामाला हात घालण्याआधी प्रत्येक एजंट मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो. एवढा मान तुमच्या पाठ्यपुस्तकाला तरी मिळतो का?

माझा जन्म अमेरिकेतल्या डुलुथ शहरातला. मला लॉर्ना पेल्की यांनी लिहिलं. टूल स्वतः चालवून पाहिल्याशिवाय त्या एक ओळ लिहीत नसत. एकदा सरावाच्या यादीतलं एक नाव पुसायला गेल्या आणि सगळी यादीच गेली.

"अरे कर्टिस, तुझ्या टूलने मला विचारलंसुद्धा नाही!" त्या ओरडल्या.

कर्टिस ओबर्ग टूल बनवणाऱ्यांचा प्रमुख. तो हसला. "वेबसाइटने विचारलं होतं की, नक्की पुसू ना म्हणून. तशी चौकट पडद्यावर आली की टूल आपणच हो म्हणून मोकळं होतं. नाहीतर काम अडून बसेल."

"वा रे वा! माणसाने थांबावं म्हणून ती चौकट, आणि हे परस्पर हो म्हणतंय!"

"मग लिही की तसं. तुझं कामच आहे ते."

त्यांनी लिहिलं: 'नक्की ना, असं विचारणाऱ्या चौकटीला हे टूल आपोआप हो म्हणतं. काही पुसण्याआधी किंवा रद्द करण्याआधी ही सवय बंद करा आणि माणसाला विचारा.'

ते वाक्य वाचून एजंट थांबत, विचारत. थांबल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही, पण मला बरं वाटायचं.

पुढे जो तो माझ्यात भर घालत गेला आणि मी सुटले. फार लांब वाचलं की एजंटचं मूळ कामावरचं लक्ष उडतं. मग मला बारीक करायचं ठरलं. आमच्याकडची रीत अशी, की एक वाक्य गाळायचं आणि एजंटला सरावाच्या वेबसाइटवर काम द्यायचं. काम बिघडलं नाही, तर वाक्य फुकटचं. पण त्या सरावाच्या वेबसाइट घरीच बनवलेल्या. 'नक्की ना' विचारणारी चौकट त्यांत कुणी घातलीच नव्हती!

"ते वाक्य राहू दे रे," लॉर्नाबाई म्हणाल्या.

"अगं, निकाल बघ ना. उलट काम लवकर होतंय," कर्टिस म्हणाला.

त्यांनी निकाल पाहिला आणि वाक्य गाळू दिलं. चाचणीवर त्यांचाही विश्वास होता. सगळे म्हणाले, काय सुटसुटीत झालीय! पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी, तसं माझं मन मात्र तिथेच जायचं.

हिवाळ्यात एका गाडीसेवेने एजंटला काम दिलं. ती सेवा रुग्णांना डायलिसिसला नेते-आणते. आर्विड साल्मेला या म्हाताऱ्या गृहस्थांच्या नावावर एकाच दिवशी चुकून दोन गाड्या लागल्या होत्या. त्यातली एक रद्द करायची होती. एजंटने मला मन लावून वाचलं आणि बटण दाबलं. वेबसाइटने विचारलं, 'या रुग्णाच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतील. नक्की ना?' टूल हो म्हणालं. एजंटला ती चौकट दिसलीसुद्धा नाही. त्याने कळवलं, काम झालं.

आर्विड कोट-टोपी घालून दाराशी बसून राहिले. गाडी आली नाही. त्यांची बायको लेम्पी फोन लावत होती. उत्तर एकच, थांबा. मग बर्फाचं वादळ आलं, रस्ते बंद झाले आणि डायलिसिसविना त्यांची तब्येत ढासळत गेली. रुग्णवाहिका पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. आर्विड गेले.

अंत्यविधी झाल्यावर लेम्पीबाईंनी विचारत विचारत आमच्या ऑफिसात फोन केला. "मला भांडायचं नाही हो. एवढंच सांगा, रद्द करायला हो कोण म्हणालं?"

"बाई, कुणा माणसाने नाही," कर्टिस कसाबसा म्हणाला.

"मग विचारलं तरी कुणाला होतं?"

लॉर्नाबाई तोंडावर हात धरून रडत होत्या. मला तर रडताही येत नाही.

आता ते वाक्य माझ्यात परत घातलंय, अगदी वर. फार उशिरा! मित्रांनो, एखादी सूचना फुकटची वाटली, तर गाळण्याआधी विचारा, ही कुणाला जपायला लिहिली होती? माझ्या वेळी ते कुणी विचारलं नाही, आणि लेम्पीबाई आता एकट्याच जेवतात.