कासवाखालचं पाणी

केशरकाकूच्या रानात पोथीतली बारव निघाली, पायरीला पायरी आणि कासवाला कासव. पोथी खरी ठरली, आणि त्यामुळं काकूचा लेक व्यंकट गाव सोडून गेला.

असं काही झालेलं नाही. निंबखेड्याच्या सहकारी संस्थेच्या इतिवृत्तात तशी नोंद नाही, आणि नोंद नसलेली गोष्ट घडलेली नसते, हे मला चेअरमन नानासाहेबांनी स्वतः सांगितलंय. मी त्या संस्थेचा सेक्रेटरी आहे. तेव्हा व्यंकट अजून घरी आहे, बैलं दावणीला आहेत, साल बहात्तर आहे आणि पोळा नुकताच झालाय, असं धरून पुढं जाऊ.

पोळ्याला बैलं धुवायला पाणी नव्हतं. आम्ही ती ओल्या फडक्यानं पुसली. व्यंकटचा पांढरा बैल फडकंच चोखत बसला, तेव्हा त्याच्या तोंडातून ते काढून घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही.

आमचं गाव तेरपासून दोन कोसांवर. नदी कोरडी, विहिरी कोरड्या, पण गावात उपसा जलसिंचन सहकारी संस्था होती. तिला चेअरमन होता, व्हाइस चेअरमन होता, रबरी शिक्का होता. उपसायला पाणी तेवढं नव्हतं. नानासाहेब म्हणायचे, "पाणी काय, आज ना उद्या येईल. आधी मंडळ पाहिजे. उद्या पाणी आलं आणि मंडळ नसलं, तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

व्यंकटला हे पटत नव्हतं. ऊसतोडीच्या मुकादमानं त्याला आणि त्याच्या बायकोला दक्षिणेकडच्या साखर कारखान्यावर बोलावलं होतं. दिवाळी झाली की टोळी निघणार. काकू विधवा, व्यंकट एकुलता. ती त्याला एवढंच म्हणत होती, "पाणी लागंस्तवर थांब. पाणी लागलं तर जाशील का?"

"लागलं तर कशाला जातो मग?"

"मग थांब."

पाणी लागणार कुठं, हे पोथीत होतं. आमच्या गावाला बारवाई देवीचं माहात्म्य आहे. दर श्रावणात माणिकप्पा गुरव ते देवळात वाचतो. त्यात आमच्या गावाजागी मोठं नगर होतं आणि देवीनं तिथं बारव बांधली असं सांगितलंय. गावात ज्याला सही येत नाही त्यालाही ही ओवी येते:

सप्त सोपान पश्चिमद्वारीं । तळीं पाषाणकूर्म निर्धारीं ।
जळ न आटे कल्पांतवरी । बारवाईचे कृपेनें ॥

बारवेची जागाही दिलीय. देवळाच्या उंबऱ्यावरून उगवतीकडं, गाय हंबरली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. तर तलाव खणायचं दुष्काळी काम मंजूर झालं तेव्हा गावानं हे केलं: देवळाच्या उंबऱ्यावर गाय उभी केली. माणसं उगवतीला चालत सुटली. गाय भुकेनं हंबरत होतीच, तिला सांगावं लागलं नाही. आवाज जिथं बंद झाला तिथं केशरकाकूचं रान होतं आणि रानात पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड. पाटबंधारे खात्याचा ओव्हरसियर म्हणाला, तलावाची जागा खालच्या ओढ्यात आहे, इथं काय खणता? नानासाहेब म्हणाले, "नवं बांधण्यापेक्षा बांधलेलं उकरायला काय हरकत आहे?" ओव्हरसियरलाही मजुरांची हजेरीच भरायची होती. त्याची हरकत नव्हती.

टेकाड खणायचं म्हणजे काकूचं अर्धं रान जाणार होतं. तिनं अंगठा उठवला. "देवीची बारव निघाली तर व्यंकट ऱ्हातोय," ती म्हणाली. मी ते वाक्य इतिवृत्तात घेतलं होतं. नानासाहेबांनी खोडलं, म्हणाले, कामकाजाचं नाही.

आता पोथीची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. शेवटचा अध्याय आमच्यात वाचत नाहीत. माणिकप्पा त्याच्या आधी थांबतो, पानं उलटतो आणि सरळ फलश्रुतीवर जातो. त्यात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे: देवी गाव सोडून जाते. मोठ्यानं वाचलं तर ती खरंच जाईल, म्हणून वाचायचं नाही. एवढंच. आम्ही पिढ्यानपिढ्या पोथी पाण्यापर्यंत वाचली आणि बंद केली.

खोदकामावर सगळं गाव होतं. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन सगळ्यांची पोटं एकाच सुरात वाजायची. माझ्या शेजारी दगडोबा खणायचा. त्याच्या घराण्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून तो देवळाच्या बाजूनं जात नव्हता, पण देवळाच्या पोथीवर खणायला आला होता, कारण मजुरी धर्म विचारत नव्हती.

पहिल्या विटा लागल्या तेव्हा तो म्हणाला, "ह्या आमच्या हायत. तेरला अशाच निघाल्या. विहार असंल."

माणिकप्पा वरून ओरडला, "देवीची बारव हाय ती!"

"असू द्या. पाणी लागलं तर आमाला भरू देनार का?"

"देवीची बारव हाय," माणिकप्पा पुन्हा म्हणाला, जरा हळू.

"म्हंजे न्हाय," दगडोबा म्हणाला आणि कुदळ मारली. "आमी खनू मात्र शकतो. लई उपकार."

दसऱ्याच्या सुमाराला पायऱ्या निघाल्या. पश्चिमेकडून खाली, सात. मी मोजल्या, नानासाहेबांनी मोजल्या, मग गावानं ओळीनं उतरून मोजल्या. तळाला फरशी लागली आणि फरशीत दगडाचं कासव, मान थोडी वर काढलेलं, कुणीतरी हाक मारल्यासारखं. बायका रडायला लागल्या. माणिकप्पा कासवाला मिठी मारून बसला. काकूनं व्यंकटकडं बघितलं. व्यंकटनं दुसरीकडं बघितलं.

बारव कोरडी होती.

"कासवाखाली असंल," दगडोबा म्हणाला. "फरशी फोडा, सुरुंग लावा. खाली मांजऱ्या खडक हाय, त्याच्याखाली पाणी असतंय. तुमचं कासव बाजूला ठिवा, मग पूजा करा पायजे तेवडी."

माणिकप्पाचा चेहरा उतरला, पण तोही न्हाय म्हणाला नाही. सुरुंगवाला सांगून ठेवला. आणि इथं नानासाहेबांना ती हुशारी सुचली. बारव पुराणी आहे हे सरकारानं लिहून दिलं, तर साफसफाईला अनुदान मिळेल. त्यांनी जुन्या वस्तूंच्या खात्याला अर्ज केला. दुष्काळात टँकर मागितला होता तो आला नव्हता. हा साहेब चौथ्या दिवशी आला.

साहेब बारीक, घशानं आजारी, गुडघ्यावर बसून काम करणारा होता. तो दिवाळीपर्यंत राहिला. ब्रशनं माती झाडायचा. गावात माती झाडायला माणूस पगार घेतो, हे बघायला पोरंसोरं यायची. मग एके दिवशी त्यानं सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं.

"वास्तू खरी आहे," तो म्हणाला. "सातवाहन काळातली. अठराशे वर्षं तरी."

माणिकप्पानं हात जोडले. "म्हंजे पोथी खरी."

"तसं म्हणता येत नाही. तुमची पोथी फार तर तीनशे वर्षांची. तेव्हा वरच्या दोन पायऱ्या उघड्या असतील. लिहिणाऱ्यानं त्या पाहिल्या असतील आणि गोष्ट लिहिली असेल."

"दोनच दिसत व्हत्या, तर सात कशा लिवल्या?"

साहेबानं ब्रश खाली ठेवला. "सात लिहायची पद्धत असते," तो म्हणाला.

"आन कासव?"

"कासवाचं मला सांगता येत नाही."

"म्हंजे खरी का खोटी?"

"पायऱ्या खऱ्या. देवी माझ्या खात्यात येत नाही."

दगडोबानं विचारलं, "साहेब, इहार न्हाय का?"

"नाही. पण काठावर सापडलेल्या मण्यांवर बौद्धांचं त्रिरत्नाचं चिन्ह आहे. तुमचे लोकही पाणी भरत असावेत."

"तवा भरू देत व्हते व्हय?" दगडोबा म्हणाला. तो बराच वेळ काठाकडं बघत बसला.

केशरकाकू उठली. "आन पानी?"

"पाणी होतं, बाई."

"कवा?"

"ते सांगतो," साहेब म्हणाला आणि आम्हाला काठावरच्या खड्ड्यापाशी घेऊन गेला. तिथं चुली होत्या. ओळीनं, राखेसकट. भांडी पालथी घातलेली, फुटलेलं एकही नाही. वर नुसता वाऱ्यानं आणलेल्या मातीचा थर, हातभर, त्यात काहीच नाही, खापराचा तुकडासुद्धा नाही. "आग नाही, लढाई नाही. झरा आटला. लोकांनी भांडी आवरली, पालथी घातली आणि गेले. परत आलेले दिसत नाहीत."

 मग माणिकप्पा, त्याला कुणी सांगितलेलं नसताना, तोंडातल्या तोंडात म्हणाला:

मग आई दक्षिणपंथें निघाली । पाठीं नगरी अवघी चालिली ।
चुलींतील राख निवाली । मागें कोणी नाहीं ॥

तो शेवटचा अध्याय होता. पुरावा मिळाला तो नेमका त्याला.

"सुरुंग कधी लावायचा?" व्यंकटनं विचारलं. त्याची टोळी परवा निघणार होती.

साहेबानं मान हलवली. एवढी अखंड बारव जिल्ह्यात दुसरी नाही. फरशीला हात लावता येणार नाही. टेकाडावर नांगर, कुदळ, काही नाही.

"माझं रान हाय," काकू म्हणाली.

"आता संरक्षित आहे."

मग काकूनं जे केलं ते मी पाहिलं. ती माणिकप्पापाशी गेली, त्याच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "माणिकप्पा, तुमी सांगा त्येस्नी. पोथी खोटी हाय म्हना. गावानं रचली म्हना. मग त्यो खनू देईल."

माणिकप्पानं आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं. त्याला शेती नव्हती, लेकरू नव्हतं. श्रावणात महिनाभर तो माणसात असायचा, बाकी अकरा महिने पुढच्या श्रावणाची वाट बघायचा. तो उठला. धोतराला हात पुसले.

"साहेब," तो म्हणाला, "पोथी खोटी हाय. माझ्या आज्यानं रचली. पोटासाठी. बारवाई म्हनून कुनी न्हाईच. हे कासव आमीच बसवलंय."

गावातली पोरं हसली नाहीत. नानासाहेबांनी पागोटं काढून हातात घेतलं.

साहेबाला वाईट वाटलं असावं. त्यानं माणिकप्पाचा खांदा धरला. "बाबा, पोथी खोटी असली तरी बारव खरी राहते. पुराव्याला पोथी लागत नाही."

"खरी असली तर फोडू देत न्हाय," माणिकप्पा म्हणाला, "आन खोटी असली तरी फोडू देत न्हाय?"

"हो."

"मग तुमचं देवीवानीच हाय की."

व्यंकट ठरल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी गेला. जाताना बायकोनं भांडी घासून पालथी घातली. घासायला राख होती, पाणी नव्हतं. काकू उंबऱ्यात बसून होती. तिनं एवढंच सांगितलं, "नको गं पालथी घालूस." पण सुनेचे हात रीतीनं चालले होते, तिनं आधीच घातली होती. गावातली निम्मी गाडी-बैलं त्या टोळीबरोबर दक्षिणेच्या वाटेनं गेली. माणिकप्पानं त्यानंतर पोथी उघडली नाही. वाचायचं राहिलं होतं ते झालं होतं.

संस्थेची पुढची सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. टेकाडावर खात्यानं पत्र्याची निळी पाटी ठोकली. काकू मला तिथं घेऊन गेली आणि म्हणाली, वाच. मी वाचलं: या संरक्षित हद्दीतील कोणतीही वस्तू हलवणे, नेणे किंवा तिचे नुकसान करणे हा दंडनीय गुन्हा आहे.

"हद्द कुठवर?" तिनं विचारलं.

"टेकाडापुरती."

"अर्ज कर," ती म्हणाली. मी कशाचा म्हणून विचारलं, तर तिनं नुसतं गावाकडं बोट केलं. तो अर्ज संस्थेच्या शिक्क्यानिशी पाठवला. मजकूर असा:

विषय: संरक्षित हद्द वाढवून मिळणेबाबत. मेहेरबान साहेबांचे सेवेशी निंबखेडा येथील शेतकरी केशरबाई यांचा अर्ज ऐसा जे, आपल्या खात्याने माझे रानातील दगड व विटा हलवण्यास मनाई केली, त्याबद्दल तक्रार नाही. तरी सदर हद्द संपूर्ण गावठाणापर्यंत वाढवण्यात यावी, हद्दीतील कोणतेही माणूस हलवण्यास अगर नेण्यास तशीच मनाई करण्यात यावी, आणि आजपावेतो हलवण्यात आलेली माणसे ज्या थरात होती त्याच थरात, जशीच्या तशी, परत ठेवून मिळावीत, ही नम्र विनंती.