नापास झालेला फोटो

उद्यावर अर्लचा अंत्यविधी आला, आणि घरात माणसाचा एक धड फोटो सापडेना! टोलिडो शहराच्या दुकानादुकानांत अर्ल आयुष्यभर कुत्र्याचा पोशाख आणि मुंडकं चढवून रस्टी बनून नाचला. रस्टी म्हणजे कुत्र्यांच्या खाण्याच्या डब्यावरचा तो लाडका कुत्रा. अल्बम उघडा, जिथेतिथे तोच. लेकीच्या वाढदिवसाला रस्टी, नाताळात रस्टी. बाकीचे फोटो अर्लनंच काढलेले, मग तो त्यात येणार कुठून?

"शवपेटीशेजारी काय कुत्र्याचा फोटो ठेवू?" अर्लची बायको मॅव्हिस लेकीवर करवादली. "लोक म्हणतील, म्हातारीनं संसार केला तरी कुणाशी!"

"मम्मी, हसवू नकोस गं. मला डॅडींचा हसरा चेहरा हवाय, बस्स," म्हणत लोरेटानं डोळे पुसले.

माळ्यावरच्या खोक्यात व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट निघाली. 'रस्टीची धाव'. डब्यांची लेबलं पाठवली की कंपनी ती फुकट द्यायची. घरात कुत्रा नव्हताच. डबे शेजाऱ्यांच्या कुत्र्यांनी हादडले आणि ती पार गोलमटोल झाली!

काय दिवस होते ते! लोरेटा गालिच्यावर पालथी पडून खेळायची. पडद्यावरचा रस्टी म्हणजे चार तपकिरी चौकोन, पण तिला तो डॅडीच वाटायचा. मशीन बंद केलं की स्कोअर गेलाच, म्हणून टीव्हीचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा, मग बक्षिसाचा बिल्ला यायचा. एकदा तिनं बाजी मारली. कॅमेऱ्याचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी कामावरून आलेल्या अर्लनं मागचा दिवा लावला. काळ्या पडद्याच्या काचेत आरशासारखी सगळी खोली उमटली, फोटोत आकडे दिसेनात. कंपनीनं फोटो परत पाठवला.

"तुमच्यामुळे माझा बिल्ला गेला!" म्हणत ती कितीतरी दिवस डॅडींवर फुरंगटून बसली होती.

खोक्याच्या तळाशी तोच फोटो होता. लोरेटानं तो खिडकीशी नेला. आकडे आजही दिसत नव्हते. पण त्यांच्या जागी, दिव्याखाली, अर्ल उभा होता. काखेत रस्टीचं मुंडकं, केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि लेक जिंकली म्हणून तोंडभर हसू.

"मम्मी, इकडे ये! लवकर!"

मॅव्हिसनं चष्मा चढवला. फोटोतल्या त्या हसण्यावरून तिनं बोट फिरवलं.

"अगं बाई, हाच माझा अर्ल," ती म्हणाली. "हाच मोठा करून आण."

"आणि मुंडकं? कापून टाकायला सांगू?"

"राहू दे गं," मॅव्हिस डोळे टिपत म्हणाली. "तोही घरचाच."