मार्गशीर्षातला मुळा

नूतनकाकीनं नैवेद्याचं दूध काढायला फ्रिज उघडला आणि दार तसंच सोडून मागं सरकली.

"मासळी! कोनी ठेवली माझ्या फ्रिजमदी मासळी?"

एरवी अंबरनाथजवळच्या मोरिवलीत ही ओरड कुणी कानावरसुद्धा घेतली नसती. आगऱ्याच्या घरात फ्रिजमध्ये मासळी नाही तर काय पुस्तकं ठेवणार? पण हा मार्गशीर्ष होता, आणि त्यातला शेवटचा गुरुवार. महिनाभर घरात ओलं-सुकं सगळं बंद. महिना लागायच्या आदल्या दिवशी काकीनं सुक्या बोंबलांचा डबा, जवळ्याची बरणी, सगळं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेलं. फ्रिज आधी सोड्यानं घासला, मग लिंबानं. आत आता फक्त दूध, फळं आणि वेण्यांच्या पुड्या. बाहेरच्या खोलीत घट मांडलेला, देवीला मुखवटा, नथ, हिरवी साडी. आणि थोड्याच वेळात आळीतल्या बाया हळदीकुंकवाला येणार होत्या.

जिन्यावर मोबाईल घेऊन बसलेल्या करिष्मानं मान वर केली. मासळीबिसळी काही नव्हती. ती तिची बरणी होती.

करिष्मा सतरा वर्षांची. दहावीत असताना एका बाईंनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "तुमच्या लोकांना काय, जमिनी विकल्या की झालं, शिकायचं कशाला." करिष्माच्या घरची जमीन आजोबांच्या वेळीच कंपन्यांत गेलेली, आई त्याच कंपन्यांपैकी एकीत पॅकिंगला. तिनं दप्तर उचललं आणि वर्गातून जी निघाली ती परत गेलीच नाही. मग उल्हासनगरला कॅम्प चारात जीन्सचे धागे कापायला लागली. तिथला शेठ तिच्यावर ओरडला, ती शेठवर ओरडली, आठवडा भरायच्या आत घरी. तेव्हापासून "हिचं काय होनार" हा विषय घरात चहाबरोबरच्या खारीसारखा रोज निघायचा. आणि काढायची कोण? काकी.

पण पोरीची नजर मात्र अशी की बसल्या जागी समोरच्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण मोजेल. त्याच कॅम्प चारात हितेशभाईची दाल-पकवानची, म्हणजे डाळ आणि कडक पुरीची, गाडी आहे. तिथं खाता खाता तिनं एकदा त्याला तोंडावरच सांगितलं, "दाल एक नंबर. लेकिन कांदा कल का है. साइड से सूख गया, देखो."

चार गिऱ्हाइकं हातातली प्लेट बघायला लागली. हितेशभाईचे कान लाल.

"इतना समझता है तो तू बनाके ला ना कुछ!"

"लाएगी. डरती है क्या?"

"शुक्रवार को ला. पब्लिक ने खाया तो रोज का काम तेरा. नहीं खाया तो इधर मुंह मत दिखाना."

झालं. एवढं एकच होतं आता तिच्याकडं. शाळा नाही, कारखाना नाही, एक बरणी आणि एक शुक्रवार.

बुधवारी सकाळी ती बदलापूरला गेली. स्टेशनबाहेर भिमाबाई बसते, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून भाजी घेऊन येते. तिच्याकडचे मुळे कोवळे, मोडले की कटकन आवाज येतो. करिष्मा एकेक मोडून बघायला लागली तसं भिमाबाई म्हणाली, "सगलं मोडशील तर इकू काय, पाला?"

घरी येऊन मुळे धुतले, पातळ चकत्या केल्या, इतक्या पातळ की मागचं बोट दिसावं. जाडं मीठ चोळून चाळणीत ठेवले. मुळ्याला सुटलेलं उग्र पाणी ओतून दिलं. पातेल्यात निम्मं पाणी, निम्मा सिरका, तो चायनीजच्या गाडीवर असतो ना, पांढरा, तो. त्यात साखर, मीठ, मोहरी, थोडे मिरे. उकळी आली की गॅस बंद. मुळा काचेच्या बरणीत दाबून बसवला, मध्ये दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, रंगाला बीटाच्या दोन जाड चकत्या, आणि वरून ते पाणी. गार झालं की फ्रिजमध्ये. तेल नाही, ऊन नाही, मुरायला महिना नाही. करिष्माला असलंच लोणचं जमणार होतं. महिनाभर कशाची वाट बघणं तिच्या रक्तातच नव्हतं.

एकच भानगड. मुळा सिरक्यात बसला की वास सोडतो. साधासुधा नाही, झाकण उघडलं तर माणूस शेजारच्याकडं संशयानं बघेल असा. म्हणून तिनं झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा तुकडा घालून ते करकचून आवळलं होतं आणि बरणी फळांच्या मागं कोपऱ्यात सारली होती. वरच्या मजल्यावर करिष्माच्या घरी फ्रिज नाही. खाली आहे तो काकीच्या भावानं दिलेला, त्यामुळे तो घराचा नाही, काकीचा.

आता काकीनं सगळी फळं ओट्यावर काढली. पेरू हुंगला, सफरचंद हुंगलं, दुधाचं पातेलं हुंगलं. तिची मुलगी रिद्धी दारातूनच म्हणाली, "मम्मी, मी नाय हां." आणि मग बरणी हाताला लागली.

"ही काय घान?"

"मुळा आहे," करिष्मा जिन्यावरून खाली येत म्हणाली. "लोणचं."

"मुळा? असा वास मारतो मुळा?"

"मग तुझा बोंबील काय अत्तर मारतो का?"

"जीब आवर, करिष्मा! उद्यापनाचा दिवस हाय. बाया आता दारात येतील. नूतनच्या घरी मार्गशीर्षात मासळी शिजली म्हनून गावभर करतील. ओत ती गटारात!"

"नाय ओतणार."

"तू नाय तर मी ओतते. आनि उद्यापासून माझ्या फ्रिजला हात लावायचा नाय!"

काकी बरणी घेऊन मोरीकडं वळली. करिष्मानं दोन ढांगांत मध्ये जाऊन बरणी हिसकली आणि पोटाशी धरली. काकी ओढते, ही सोडत नाही, सिरक्याचं गुलाबी पाणी दोघींच्या हातांवर. तेवढ्यात करिष्माचं लक्ष झाकणाकडं गेलं.

झाकण तिरकं बसलं होतं. पिशवीचा तुकडा फाटून बाहेर लोंबत होता. मुळा वरपर्यंत दाबून भरलेला, तो चांगला चार बोटं खाली गेलेला. आणि बीटाची एकच चकती.

"माझी बरणी कोणी उघडली?"

"ऐकतेस का मी काय बोलते ते?"

"रिद्धी, जीभ दाखव."

"ए वेडी झालीस का?"

"दाखव!"

रिद्धीनं घाबरून जीभ बाहेर काढली. पांढरीफटक. करिष्माची आई सकाळीच कंपनीत गेलेली, काका ड्युटीवर, बाबा टेम्पो घेऊन भिवंडीला. सकाळपासून स्वयंपाकघरात कोण होतं?

"तिची जीब काय बगतेस?" काकी ओरडली. "माझ्या पोरीला चोर ठरवतेस? आज देवीसमोर मी उपास करून—"

आणि ओरडता ओरडता काकीचं तोंड पूर्ण उघडलं. आत जीभ होती. गुलालात बुडवून काढल्यासारखी.

करिष्मानं बरणीवरची पकड सैल केली नाही. आवाज मात्र एकदम खाली आणला.

"काकी. जीभ."

काकीचं तोंड मिटलं. असं मिटलं की ओठच दिसेनात. तिनं हळूच पाठ फिरवून स्टीलच्या डब्याच्या झाकणात स्वतःची जीभ बघितली आणि झाकण उलटं ठेवलं. बाहेर चपलांचा आवाज झाला.

"नूतन गो! हायस का घरान?"

कौसाबाई. आळीतल्या सगळ्यात मोठ्या. तरणेपणी मिठागरात राबलेल्या, नऊवारी, खणखणीत आवाज. मागं आठ-दहा बाया.

त्या संध्याकाळी नूतनकाकीनं जसं हळदीकुंकू केलं तसं अंबरनाथात कुणी केलं नसेल. ओठ मिटून हळद लावली, ओठ मिटून कुंकू, ओठ मिटून ओटी भरली. कुणी काही विचारलं की नुसतं "हूं".

"का गो, मौन धरलं का काय?" कौसाबाई म्हणाल्या. मग थांबल्या. नाक वर केलं. "वास कसला येतो? सुकट भाजली का कोनी?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं पदर नाकाला लावला. काकी जागच्या जागी घामानं डबडबली.

करिष्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वर्षभराचं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. हिचं काय होनार. हिला काय येतं. हिला कोन करनार. काकीनं उपासाला मुळा खाल्ला, एवढं एक वाक्य बोललं की काकी आळीतून उठली असती, पुढच्या मार्गशीर्षापर्यंत.

ती पुढं आली आणि बरणी धाडकन मधोमध ठेवली, घटाजवळच्या केळ्यांशेजारी.

"सुकट नाय आजी. मुळा आहे. मी घातलाय. वास मारतो, मारू दे. उद्या कॅम्प चारला गाडीवर द्यायचाय. ज्याला नाक धरायचंय त्यानं धरा, बरणी इथून हलणार नाय."

"अगो बाय," कुणीतरी म्हणालं.

कौसाबाई पुढं वाकल्या. "मुल्याचा लोनचा? तेलाशिवाय? नूतन, तुला म्हाईत व्हता का ह्या?"

आता काकीला बोलणं भाग होतं. तिनं पदर तोंडाशी धरला. "पोरीनं केलाय..."

पण कौसाबाईंची नजरही काही कमी नव्हती. "तुजी जीब कशी लाल गो? उपासाला पान खाल्लंस?"

काकीनं करिष्माकडं बघितलं. असं तिनं करिष्माकडं आजवर कधीच बघितलं नव्हतं.

"बीट खाल्लं काकीनं," करिष्मा म्हणाली. "माझ्या बरणीतलं. सकाळपासून राबते, पोटात काय नाय. बीट चालतं उपासाला."

"बीट चालतो?" एक बाई म्हणाली.

"ना गो, कसा चालंल? रंगाचा हाय तो!"

"रताला चालतो, मंग बीटानी काय घोरा मारला?"

"आमच्याकडं काकडी चालते, गाजर नाय."

"गाजर का नाय?"

"सासूबाय खात नव्हत्या म्हनून!"

झालं, पेटलं. मासळी राहिली बाजूला, बाया भगर, राजगिरा, भेंडी करत कुठल्या कुठं गेल्या. काकी प्रसाद आणायला म्हणून आत सटकली. करिष्मा बरणी उचलून तिच्या मागोमाग.

"साबुदाण्यानं तोंड मेलं होतं गो," काकी ओट्याकडं तोंड करून पुटपुटली. "सकाळधरनं नुसतं गुळमट. म्हटलं एक चकती."

"एक?"

"चटकदार झालाय मेला. हात थांबला नाय."

"खाल्लास तर खाल्लास. झाकण नीट लावायला काय झालं होतं?"

"तू हाक मारलीस ना वरून, घाबरले मी!" काकीनं नाक पुसलं. "बोल. काय पायजे तुला आता?"

"मधला खण. रोज. कायमचा."

"मधला? फ्रिज माझा हाय, करिष्मा."

"जीभ पण तुझीच आहे."

काकीनं हातातलं फडकं तिच्या अंगावर फेकलं. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. "खालचा घे, भाजीचा."

"मधला."

"मेली नुसती! घे मधला."

उपवास सुटला, गोडाधोडाचं जेवण झालं, आणि कौसाबाईंनी पुरणपोळीबरोबर मुळा मागून घेतला. तोंड वाकडं केलं, "आंबट हाय," म्हणाल्या, आणि परत ताट पुढं केलं.

शुक्रवारी सकाळी करिष्मानं फ्रिज उघडला. मधला खण मोकळा होता, पेरू खाली गेले होते. बरणी बरोबर मधोमध. झाकणाखाली नवी पिशवी, वरून रबरबँड, आणि झाकणावर हळदीकुंकवाचं एक बोट. बरणी निम्मीच उरली होती. तिनं ते बोट पुसलं नाही. बरणी पिशवीत घातली आणि शेअर रिक्षात बसली. शेजारचा माणूस नाक आक्रसून सगळ्या रस्त्यात रिक्षावाल्याकडं बघत होता.

हितेशभाईनं झाकण फिरवलं आणि मान मागं टाकली.

"अरे बाप रे! मच्छी लाई क्या?"

पकवान मोडणारे चार हात थांबले.

"नाक से नहीं खाते, मुंह से खाते हैं," करिष्मा म्हणाली. "पहले खाओ, फिर बोलो."

त्यानं चिमटीत एक चकती धरली, उजेडात बघितली, तोंडात टाकली. कटकन आवाज आला. दुसरी घेतली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं प्लेट पुढं केली, "इधर भी रख." दालीबरोबर एक घास खाल्ला आणि प्लेट परत पुढं केली, बोटानं नुसतं बरणीकडं दाखवत. मग त्याच्या शेजारच्यानं. बरणी तळाला लागत चालली.

हितेशभाईनं गाडीवरचं कांद्याचं भांडं उचललं, कांदा खालच्या बादलीत ओतला आणि रिकामं भांडं करिष्मासमोर ठेवलं.

"बाकी का इसमें डाल. और कल दूसरा लेके आ."

करिष्मानं भांडं उचललं, नाकाशी नेलं आणि त्याच्याकडं परत सरकवलं.

"पहले धो," ती म्हणाली. "कांदे का वास आ रहा है."