मळकी मालगाडी

दिवसभर लोकांचे दात स्वच्छ करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आगगाडी मळवायची, असा डॉक्टरांचा दुहेरी संसार होता. आगगाडी खेळण्यातली नव्हे बरं का! तसं कुणी म्हटलं की भूल न देता दाढ उपटल्यासारखा डॉक्टरांचा चेहरा व्हायचा. ती मॉडेल रेल्वे होती. तळहातावर मावणारं इंजिन, त्यामागे मालगाडीचे डबे, म्हणजे वाघिणी, आणि सगळं खऱ्याच्या मापात, खिळा न् खिळा जागच्या जागी.

आता दुकानातून आणलेली वाघीण लग्नाला निघाल्यासारखी नटलेली असते. खरी वाघीण अशी कुणी पाहिलीय? म्हणून या छंदातली माणसं नवीकोरी गाडी विकत आणतात आणि मोठ्या मायेनं तिची पार रया घालवतात. डॉक्टरांनी अख्खा हिवाळा आपल्या खोलीचं दार लावून घेऊन त्यातच घालवला होता. रंगखडू किसून भुकटी केली, जलरंग पातळ केले आणि केसाएवढ्या कुंचल्यानं बिजागऱ्यांखाली गंजाचे ओघळ काढले. छपरांवर काजळी बसवली. एका वाघिणीच्या कोपऱ्यावर तर कबुतराची शीटसुद्धा जमवली. ती साधली तेव्हा त्यांनी बायकोला हाताला धरून ओढत आणलं. बायकोनं पाहिलं आणि नाक मुरडलं. डॉक्टरांना याहून मोठी दाद नको होती.

आता फक्त वरून बिनचकाकीच्या वार्निशचा हात द्यायचा राहिला होता. तो दिला की मळ कायमचा पक्का. रविवारी क्लबचं प्रदर्शन होतं, म्हणून शनिवारची दुपार त्यासाठी राखून, सकाळीच वाघिणी बाहेर खिडकीपाशी काढून ठेवल्या होत्या.

पण घरात सध्या गाडीपेक्षा मोठी काळजी होती, ती सासूबाईंची. सासूबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे त्यांच्यापुढे चळाचळा कापत. गेल्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे कायमच्या राहायला आल्या, आणि लेक-जावयानं त्यांना अगदी तळहातावर झेललं. त्यांनी कप विसळायला घेतला की दोघं धावायची. "आई, तुम्ही बसा हो!" झाडू हातात घेतला, तरी "आई, तुम्ही बसा!" बसून बसून बाई सुकत चालल्या. बोलणं कमी झालं, जेवणात लक्ष लागेना. आणि परवा त्यांनी हळूच सांगून टाकलं की जुन्या मैत्रिणीच्या शेजारची खोली रिकामी झालीय, पहिल्या तारखेपासून आपण तिकडे जाणार.

बायको रडली. "आपण कशात कमी पडलो रे? मी एका शब्दानं दुखवलं नाही तिला. तूही नाहीस."

"नाहीच," डॉक्टर म्हणाले. "अजून जपू या. थांबतील."

आणि त्यांना खरंच थांबवायचं होतं. डॉक्टरांना स्वतःची आई फारशी आठवत नव्हती. संध्याकाळी दार उघडताना आत कुणीतरी 'आलात का?' म्हणून विचारतं, याची त्यांना चांगलीच सवय लागली होती.

शनिवारी दवाखाना आटोपून ते घरी आले तर जेवणाच्या टेबलावर पांढराशुभ्र टॉवेल पसरलेला. त्यावर शस्त्रक्रियेच्या आधी हत्यारं मांडावीत तशा ओळीनं वाघिणी मांडलेल्या, आणि एकूण एक लखलखीत. बाजूला साबणाच्या पाण्याचं घमेलं, पाणी काळंकुट्ट. दातांच्या डॉक्टरांच्या घरात जुन्या टूथब्रशांना काय तोटा? पाचसहा झिजवून टाकले होते. सासूबाई बाह्या वर सारून शेवटचं चाक घासत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या.

"आलात का?" त्या उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाल्या. "बघा तरी! किती धूळ खात पडल्या होत्या बिचाऱ्या. तुम्हाला दोघांना कामातून वेळ मिळत नाही, समजतं हो मला. इंजिन पाण्यात घातलं नाही, विजेचं असतं ते. कापसानं पुसून घेतलंय. आणि त्या एका डब्यावर मेल्या कबुतरानं घाण केली होती. खिडकी उघडी टाकत जाऊ नका."

डॉक्टरांनी एक वाघीण उचलून पाहिली, मग दुसरी. हिवाळाभराच्या मेहनतीवर पाणी फिरलं होतं, तेही साबणाचं. घशाशी जे आलं ते त्यांनी महत्प्रयासानं गिळलं.

"छान," ते म्हणाले. "फारच छान झालंय, आई."

"मी उद्या येणार हं प्रदर्शनाला. माझ्या हातचं काम आहे."

शाळेच्या सभागृहात रविवारी ही गर्दी! टेबलांवर रूळ, पूल, स्टेशनं, आणि त्यांवरून धावणाऱ्या गाड्या. बायको क्लबच्या चहाच्या टेबलावर कप भरत होती. डॉक्टरांनी आपली गाडी रुळावर चढवली आणि ती निघाली चकाकत. तोंडं लपवायला जागा असती तर डॉक्टरांनी आपलं आणि तिचं, दोन्ही लपवली असती.

सासूबाई पर्स काखेत मारून राउंडला निघाल्या. पहिल्या टेबलाशी त्यांनी हळहळून च्च् च्च् केलं. दुसऱ्याशीही तेच. बिचाऱ्यांच्या घरी पुसायला कुणी नाही वाटतं! तिसऱ्या टेबलाशी एक गृहस्थ चांगल्या स्वच्छ डब्यावर कुंचल्यानं काळं फासत बसले होते आणि भोवती माणसं माना डोलावून वाहवा करत होती. सासूबाई तिथं जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मग पुढची सगळी टेबलं त्यांनी न बोलता पाहिली.

त्या परतल्या तेव्हा डॉक्टरांपुढे बोगदेकाका उभे ठाकले होते. या गृहस्थांनी आयुष्यभर बोगद्यांशिवाय काही बनवलं नव्हतं, म्हणून क्लबात त्यांचं हे नाव पडलं होतं. आवाजही तसाच, घुमणारा.

"डॉक्टर, हे काय आणलंत? तुमची मळवलेली गाडी कुठाय? हिवाळाभर तीच करत होतात ना?"

"यंदा म्हटलं वेगळं काही," डॉक्टर चाचरले. "कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली गाडी. असं."

"खोटं," मागून सासूबाई म्हणाल्या.

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तो गंज तुम्ही काढला होतात. ते कबुतराचंही."

डॉक्टरांनी गाडी थांबवली.

"मी सगळं धुऊन काढलं, आणि तुम्ही मला छान म्हणालात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई."

"वाटलं असतं तर वाटू द्यायचं!" मेट्रनबाईंचा तो इस्पितळातला आवाज सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला. बोगदेकाकांनी आपसूक पाय जुळवले. "इतके दिवस बघतेय. तुमची नजर चुकवून काही करायला गेले, तर कप फोडला तरी छान, भाजी करपवली तरी छान. अहो, वॉर्डात मी रोज ओरडायचे ते कुणाला? माझ्या माणसांना! भेटायला येणाऱ्यांना नाही कधी ओरडले, त्यांना फक्त खुर्ची द्यायची. मला तुम्ही दोघांनी खुर्ची दिलीत. बसवून ठेवलंत नुसतं. कशाला राहू मी तिथं?"

डॉक्टर पाहतच राहिले. एवढं साधं होतं आणि ते दोघं साखरेत घोळून घोळून त्यांना घराबाहेर ढकलत होते. आणि मग काय झालं कोण जाणे, कालपासून घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"मग ऐकाच! कुणी सांगितलं होतं हो हात लावायला? विचारायला काय झालं होतं? एकेका बिजागरीला मी अर्धी संध्याकाळ घालवलीय! माझे डोळे फुटायची वेळ आली! ती काजळी, तो गंज, अहो ती शीट! तशी शीट या क्लबात आजवर कुणाला जमली नव्हती, आणि तुम्ही ती टूथब्रशनं खरवडलीत! पुन्हा माझ्या टेबलाकडे फिरकलात तर बघा!"

आसपासच्या गाड्या धावत होत्या, माणसं मात्र जागच्या जागी थांबली होती. सासूबाई ताठ मानेनं शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांचे कोपरे काही केल्या खाली राहत नव्हते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. त्यांना भलतंच हलकं वाटत होतं.

"मग आता माझं ऐक. ओला टॉवेल पलंगावर टाकतोस. दातांचा डॉक्टर तू, आणि टूथपेस्ट मधोमध दाबतोस. आणि हे असलं महत्त्वाचं काम उघड्यावर, वर एक कागद नाही, चिठ्ठी नाही! माझ्या वॉर्डात असतास तर महिनाभर बेडपॅन धुवायला लावले असते, गाढवा!"

बोगदेकाका आधी खो खो हसले, मग डॉक्टर, आणि मग सासूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

जावई सासूवर भर सभागृहात ओरडला, ही बातमी चहाच्या टेबलावर पोहोचायला कितीसा वेळ लागणार? बायको हातातली किटली तशीच घेऊन धावत आली. येऊन पाहते तर दोघं एका बाकावर चिकटून बसलेली, बोटं काळी, मांडीवर वर्तमानपत्र. कुणाकडून तरी मागून आणलेली खडूची भुकटी वाघिणीवर चोळणं चाललं होतं.

"इथं नको हो आई, दाराच्या खाली! किती वेळा सांगायचं?"

"ओरडू नकोस, बहिरी नाही मी. आणि गंज असा सरळ रेषेत उतरतो होय रे कधी?"

"तू आईला ओरडलास?" बायकोला रडू फुटायच्या बेतात होतं. "आई, तो म्हणाला तरी काय तुला?"

सासूबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या गालावर काजळीचा चांगला ठसठशीत पट्टा ओढला गेला होता.

"तू मध्ये पडू नकोस," त्या म्हणाल्या. "हे आमच्या घरातलं भांडण आहे."