वस्तऱ्याच्या घरातला शेव्हर

मी शेव्हर, विजेवर चालणारा. आता चालत नाही म्हणा, पण बोलायला वीज कुठे लागते?

मला विकत घेतलं ते दाढी-कटिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसानं. गिऱ्हाइकांना हसू आवरेना. "काय हो, वस्तऱ्यावर भरवसा नाही राहिला?" मालक नुसते हसायचे. घरी मुलाला मिसरूड फुटलं होतं, आणि त्याला जन्मापासून हिमोफिलिया. रक्त लवकर गोठायचंच नाही.

वडिलांनीच त्याला शिकवलं. "दाबू नकोस, नुसता फिरव." मी त्याच्या गालावर घुरघुरायचो आणि आई दारात श्वास रोखून उभी.

गुडघ्यात आतल्या आत रक्त साचलं की त्याला रक्त गोठवणारं औषध टोचायचे. ते बनायचं अनोळखी माणसांच्या रक्तापासून. त्यातल्याच कुठल्या तरी बाटलीतून एड्सचा विषाणू आला. ज्या औषधानं तो उठून चालायचा, त्यानंच घात केला. अंगातली प्रतिकारशक्ती उतरत गेली. तोंड आलं, ताप हटेना, खोकला मुक्कामालाच आला. गाल आत गेले. मला हाडं लागायला लागली.

बातमी फुटली आणि दुकान ओस पडलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मी मावशीकडे जातो. सांगा लोकांना, इथे राहत नाही म्हणून."

"खोटं बोलून कुणाची दाढी करू?"

दुसऱ्या दिवशी भर सकाळी वडिलांनी त्याला दुकानातल्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. उघड्या हातानं गाल ताणला आणि मला सुरू केलं. लोक थांबून बघत राहिले. शेजारचा शिंपी तेवढा आत येऊन बाकावर बसला. "याच्यानंतर माझा नंबर." हळूहळू बाकीचेही आले. काही आलेच नाहीत.

पुढे चांगल्या गोळ्या निघाल्या म्हणे. त्या आमच्यापर्यंत पोचायच्या आत न्यूमोनियानं त्याला नेलं. शेवटची दाढी वडिलांनीच केली. शिंप्यानं वस्तरा पुढे केला, हळूच म्हणाला, "आता काय होणार आहे त्याला?" वडिलांनी मानेनंच नको म्हटलं आणि माझी वायर लावली.

आता मी कपाटात, टॉवेलांखाली. आई कधीमधी काढून पुसते. एकदा तिनं साफ करायला माझं झाकण उघडलं. आत त्याच्या दाढीची बारीक भुकटी होती. ब्रश हातातच राहिला. तिनं झाकण तसंच लावलं.

थकलोय मी. मला दुरुस्त करू नका, कुणाला देऊही नका. आणि काही झालं तरी आतून झटकू नका.