कुजकी नव्हते मी

मित्रांनो, डोंगरावर कायमचे राहायला जाण्यात लीलाधर नानांचे तीन फायदे होते. पहिला, उन्हाळ्यात गार झोप. दुसरा, जळगावातले येणेजाणे बंद, म्हणजे सकाळ-संध्याकाळ चहाला टपकणारे मेहुणेही बंद. तिसरा सगळ्यात मोठा. बरोबरच्या निवृत्त कारकुनांनी पारावर बसून म्हणायचे, "नाना म्हणजे धाडसी माणूस बुवा!" त्यांच्या पत्नी सुनंदाबाई यांचा फायदा एकच होता. श्वास.

हे तू कशावरून सांगतेस, असे विचाराल. मी एक जुनी शिडी आहे. वर कोण चढते आणि खाली उभे राहून हुकूम कोण सोडते, हे शिडीइतके कोणाला ठाऊक असणार?

नाना जळगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कारकून होते आणि घर त्याच जिनिंगच्या मागच्या गल्लीत होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की हवेत तंतू उडायचे. दिवाळीपासून होळीपर्यंत सुनंदाबाईंच्या छातीत लोहाराचा भाता चालायचा. वैद्य म्हणाले, डॉक्टर म्हणाले, "हवा बदला." स्वातंत्र्याला पाचसहा वर्षे झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नाना निवृत्त झाले आणि त्यांनी पिंपळनेरच्या वर, घाटमाथ्याजवळच्या एका पाड्यात जागा घेतली.

माझा जन्म पिंपळनेरचा. मुख्तार मिस्त्रींनी मला सागाचे दोन उभे दांडे आणि धावड्याच्या पायऱ्या घालून घडवले. धावडा म्हणजे ज्याचे बैलगाडीचे आस करतात ते लाकूड. मला नानांच्या हवाली करताना मिस्त्रींनी माझ्यावर थाप मारली होती. "हत्ती चढाव नाना, पायरी बोलेगी भी नहीं."

हत्ती कधी आला नाही. आला असता तर बरे झाले असते, निदान साक्षीदार तरी मोठा मिळाला असता.

आता शिडी कशाला लागली ते ऐका. आमच्या खानदेशात सपाट भागात घराला धाबे असते. तुळया, त्यावर कड्या, त्यावर काटक्या आणि सगळ्यांवर चोपून बसवलेली खारी पांढरी माती. वर सपाट अंगणच तयार होते. उन्हाळ्यात तिथे झोपायचे, पापड-कुरडया वाळवायच्या, शेजाऱ्यांच्या घरात काय चालले आहे ते बघायचे. नानांनी डोंगरातही धाब्याचेच घर बांधले. खारी माती तिथे मिळत नव्हती, म्हणून बैलगाड्यांनी ती खालून घाट चढवून आणली. बैल माझ्याशी बोलत असते तर त्यांनीही काही सांगितले असते.

पाया खणत होते तेव्हाच सुनंदाबाई म्हणाल्या होत्या, "अहो, या पाड्यात एकाही घराला धाबं नाही. सगळी छपरं उतरती आहेत."

"त्यांची ऐपत नाही गं."

"ऐपतीचं नाही वाटत मला. पाण्याचं वाटतं."

"धाब्याशिवाय घर म्हणजे टोपीशिवाय माणूस," नाना म्हणाले आणि विषय संपला. नानांचे विषय असेच संपत. दुसऱ्याने सुरू केलेला विषय ते संपवत.

खरे सांगते, पहिला उन्हाळा सोन्यासारखा गेला. चैत्रात आम्ही आलो. रात्री धाब्यावर इतकी गार हवा सुटायची की वैशाखात गोधडी लागायची. सुनंदाबाई माझ्यावरून ताटे, चाळणी, चादरी घेऊन वर जात. त्यांच्या हातच्या कुरडया डोंगरातल्या उन्हात पांढऱ्याशुभ्र वाळल्या. आणि छातीतला भाता थांबला. एकदा वर पोचल्यावर त्या उभ्या राहिल्या, भरपूर श्वास घेतला आणि स्वतःशीच हसल्या. पायऱ्या चढूनही धाप लागली नव्हती.

जळगावहून पाहुणे आले. कुरडया खाल्ल्या, धाब्यावर झोपले, जाताना म्हणाले, "नाना, कमाल आहे तुमची!" कुरडया कोणी केल्या, अंथरुणे कोणी वर नेली, हे त्यांनी विचारले नाही. मी दोन वेळा करकरले. कोणाचे लक्ष गेले नाही.

मग आषाढ लागला. जळगावचा पाऊस पाहुण्यासारखा असतो. येतो, चहा घेतो, जातो. डोंगरातला पाऊस घरजावई. आला की मुक्कामच. आठवडाभर सूर्य दिसला नाही. धाब्यावर तळे साचले, पांढरी माती विरघळली आणि घरात टपटप सुरू झाली. पातेली संपली, तांबे संपले, शेवटी परात मांडली.

शेजारच्या झुंबरबाई डोक्यावर पानांचे इरले घेऊन आल्या आणि दारातून वर बघून म्हणाल्या, "नाना, तुमना धाबावर आते मासा सोडा!"

"थट्टा करू नका झुंबरबाई. जरा माती घातली की थांबेल."

"घाला, घाला. पन पानी काय आयकस?"

माती घालायची म्हणजे कोणीतरी घमेले घेऊन वर जायचे, चिखल पसरायचा आणि पायांनी चोपायचा. नानांचे गुडघे दुखत होते. अगदी खरे दुखत होते. पण त्यांची जीभ दुखत नव्हती. एके दिवशी ओल्या भिंतीकडे बघून ते म्हणाले, "जमत नाही बुवा. चल, आवरू आणि खाली जाऊ."

तेव्हा सुनंदाबाईंच्या चेहऱ्यावर जे आले ते मी दाराशी उभ्या उभ्या पाहिले. खाली जायचे म्हणजे जिनिंगची गल्ली. तीनेक महिन्यांत कापूस येणार. पुन्हा तो भाता, पुन्हा उशांना टेकून बसून काढलेल्या रात्री. त्यांनी पदर खोचला, घमेले उचलले आणि म्हणाल्या, "मी जाते वर. तुम्ही फक्त शिडी धरा."

मित्रांनो, त्या पावसाळ्यात ती बाई माझ्यावरून किती वेळा चढली याचा हिशोब मी सोडून दिला. मोजून तरी काय उपयोग? वाचणारे कोण होते? त्या चिखलाने भरलेल्या पायांनी चढायच्या. नाना खाली एका हाताने मला धरून, दुसऱ्या हातात छत्री धरून उभे राहायचे. "उजवीकडे टाक. तिकडे नाही गं. चोप, जोरात चोप!" छत्री अर्थात नानांवर होती.

श्रावणात वाऱ्याला जोर चढला. त्या दिवशी त्या भरले घमेले घेऊन निम्म्या पायऱ्यांवर होत्या. माझे पाय फरशीच्या ओल्या दगडावर होते, शेवाळ धरलेल्या.

"अहो, धरलीत ना?"

"धरली गं. चढ तू."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि नानांची छत्री उलटली. नानांनी ती सावरायला दुसरा हात लावला. दुसरा हात म्हणजे माझ्यावरचा. मी घसरले. सुनंदाबाई, घमेले आणि मी, तिघे एकदम खाली आलो. माझी पायरी दगडावर आपटून मोडली. नीट ऐका, मी शपथेवर सांगते. पडल्यामुळे पायरी मोडली. पायरी मोडल्यामुळे पडलो नाही.

सुनंदाबाईंचे उजवे मनगट मोडले. भर पावसात बैलगाडीतून पिंपळनेरला नेले. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड बसले, पण वाकडे.

झुंबरबाई बघायला आल्या. "अक्का, कसं पडनात तुम्ही?"

सुनंदाबाईंच्या आधी नानाच बोलले. "शिडीची पायरी कुजकी निघाली. हल्लीचे मिस्त्री काय लाकूड घालतील सांगता येत नाही."

कुजकी! मी! धावड्याची! माझ्या मोडलेल्या पायरीचे लाकूड आतून पिवळेधमक, ताजे दिसत होते. कोणीही वाकून पाहिले असते तरी कळले असते. मी सुनंदाबाईंकडे पाहत राहिले. त्यांना सगळे माहीत होते. "धरलीत ना" असे विचारणाऱ्याला कोणी सोडले हे कळत नाही का?

त्यांनी नानांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "हो. शिडीच कुजकी होती."

झुंबरबाई गेल्या. त्यानंतरचे बोलणे घरातल्या भिंतींनी आणि मी ऐकले.

"आता ऐका. शिडी कुजकी म्हटलं मी. जन्मभर म्हणेन."

"अगं, मी मुद्दाम..."

"ते राहू द्या. पण कुजक्या शिडीवरून यापुढे कोणी वर जायचं नाही. आणि वर जायचं नाही, तर धाबं कशाला?"

"म्हणजे उतरतं छप्पर घालू म्हणतेस? कौलांचं?"

"मी काही म्हणत नाही. तुम्हीच म्हणा. तुम्हालाच सुचलं, असं सांगा सगळ्यांना. मी हो म्हणेन. फक्त दिवाळीच्या आत झालं पाहिजे, आणि जळगावला परत जायचं नाव काढायचं नाही."

पाहिलेत, मित्रांनो? अंथरुणात पडल्या पडल्या त्या बाईने सौदा केला. आणि माल म्हणून कोणाला दिले? मला.

पाऊस उघडल्यावर मुख्तार मिस्त्री छपराच्या कामाला आले. त्यांनी मला उचलून उलटेपालटे पाहिले, मोडक्या पायरीवरून अंगठा फिरवला. "पायरी नवी डाल देता हूँ, नाना."

"नको नको, कुजकी आहे ती," नाना घाईने म्हणाले.

मिस्त्रींनी सुनंदाबाईंकडे पाहिले. त्या कौले मोजत होत्या, मान वर केली नाही. मिस्त्रींनी मला हळूच भिंतीला टेकवले आणि रंधा हातात घेतला. त्या दिवशी ते जेवायला थांबले नाहीत.

दिवाळीपर्यंत छप्पर झाले. हिवाळ्यात दव पडले, पहाटे धुके दरीतून वर येऊन दाराशी थांबू लागले. खाली जळगावात कापूस उडत असेल तेव्हा इथे सुनंदाबाई अंगणात शेकोटीपाशी बसून, डाव्या हाताने कप धरून चहा घेत. भाता पुन्हा सुरू झाला नाही. पुढचा पावसाळा आला नि कौलांवरून वाहून गेला, घरात थेंब नाही. पाहुणे आले तेव्हा नाना छपराकडे बोट करून म्हणाले, "डोंगरात धाबं चालत नाही, हे माझ्या लक्षात आलं." सुनंदाबाई आतून म्हणाल्या, "हो, त्यांच्याच." पीठ मळायला मात्र झुंबरबाईंना बोलवावे लागे.

मला घरामागे टाकले आहे. माझ्यावर दोडक्याचा वेल चढवला आहे. शेजारची मुले येतात आणि एकमेकांना सांगतात, "तिच्यावर चढू नको रे, ती कुजकी शे."

म्हणून तुम्हाला विनंती करते. कोणी चढत असताना तुम्ही खाली उभे असाल, तर दोन्ही हात शिडीवर ठेवा. स्वतः भिजलात तरी चालेल. आणि मोडलेली वस्तू फेकण्याआधी तिचे लाकूड वाकून बघा. ते खोटे बोलत नाही.

आता हिशोब. गार हवा, पाहुण्यांची वाहवा आणि शहाणपणाचे नाव, तिन्ही नानांना मिळाले. श्वास सुनंदाबाईंना मिळाला, त्याची किंमत त्यांनी उजव्या मनगटाने भरली. मिस्त्रींनी आपल्या हाताचे नाव दिले, मी माझे. खर्चाच्या बाजूला नानांच्या नावावर मात्र काहीच निघत नाही.