सुईसमोर

रेडी बंदराच्या रस्त्यावर किशोरी रेडकरची खानावळ होती. खनिज भरायला येणाऱ्या ट्रकवाल्यांची दुपारी एवढी गर्दी व्हायची की बाकडी पुरत नसत. मोठी सुरमई ती एकटीच कापायची. हात कोपरापर्यंत रक्ताने माखले तरी तिला काही वाटत नसे. सुई दिसली की मात्र ती उभ्या उभ्या कोसळायची. शाळेत लस टोचताना पडली तेव्हा पुढचा दात तुटला. बाळंतपणात चौघींनी धरून ठेवावं लागलं. त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मधे करोनाची लससुद्धा तिने चुकवली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिची झोप उडाली, मग भूक गेली, मग बोलणं. महिन्याभरात खानावळ बंद झाली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नवरा सुदेश रिक्षा चालवायचा. तो दुपारी येऊन भात लावायचा आणि तिच्या शेजारी बसायचा.

"काय होता तुका?" त्याने एकदा विचारलं.

"काय्यच होना नाय," ती म्हणाली. "ताच वायट."

तो तिला सावंतवाडीला मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेला. हे नैराश्य आहे, आळस नव्हे, हे त्यांनी दोघांना समजावलं. वर्षभरात दोन गोळ्या बदलून झाल्या. किशोरी उठून आंघोळ करू लागली, पण गाडी तिथेच अडली.

"आता जोडीला लिथियम देऊन बघू," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याआधी रक्त तपासावं लागेल. सुरू केल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण बसेपर्यंत दर आठवड्याला, आणि नंतरही काही महिन्यांनी."

किशोरी ऐकत होती ती उठली आणि थेट रिक्षात जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात सुदेशने तिला लॅबपर्यंत नेलं, पण तिने दारातूनच पाय मागे घेतला.

तेव्हा डॉक्टरांनी रसिकाची गाठ घालून दिली. रसिका मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. सुईच्या भीतीमुळे नैराश्याचे उपचार अर्ध्यावर सुटतात का, आणि माणूस खचलेला असतानाही ती भीती कमी करता येते का, हा तिच्या अभ्यासाचा विषय होता.

"तुमचं नाव कुठेही येणार नाही, आणि कधीही नाही म्हणू शकता," फॉर्म पुढे करत ती म्हणाली. "आता सांगा, शंभरातली किती भीती वाटते?"

"शंभर," किशोरी म्हणाली. "बाय, वर्षभर माका हसू येना नाय, रडू येना नाय. ही भीती तेवढी जित्ती आसा."

रसिकाने लिहिणं थांबवलं. "मग तिच्यापासूनच सुरुवात करू."

दर सोमवारी किशोरी जाऊ लागली. सुई पाहून आधी तिचं काळीज धडधडतं आणि मग रक्तदाब एकदम खाली येतो, म्हणून ती पडते, हे तिला पहिल्यांदाच कळलं. त्यावर उपाय सोपा होता: पाय, पोट आणि ज्यात सुई टोचायची नाही तो हात घट्ट आवळायचा, चेहरा गरम होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं, मग सैल सोडायचं. असं पाच वेळा. घरी ती अंथरुणातच सराव करायची. काही दिवस तेवढं एकच काम तिच्या हातून होई, पण ते तिने चुकवलं नाही. सोमवारी आधी सुईचा फोटो बघायचा, मग सुई नसलेली सिरिंज हातात धरायची, मग दंडाला पट्टा बांधून घ्यायचा. तिसऱ्या सोमवारी फोटो बघतानाच तिला घेरी आली. ती आडवी झाली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "परत दाखव."

सातव्या सोमवारी लॅब ठरली. बाबू नावाचा अनुभवी माणूस रक्त घ्यायला होता. किशोरीला त्याने आडवं झोपवलं. सुदेश पायाशी उभा राहिला, रसिका उशाशी. किशोरीने पाय आवळले, पोट आवळलं आणि घाईत दोन्ही हात आवळले. सुई आत गेली, पण रक्त येईना. बाबूने सुई काढून घेतली.

"शीर सरकली, वहिनी."

तिच्या कपाळावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते. सुदेशला ते बघवेना. "ऱ्हवांदे. पुढच्या वेळाक बघूया."

"नाय!" वर्षभरात तिचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "पुढच्या वेळाक माझो पाय घराभायर पडाचो नाय. बाबू, दुसरो हात घे. आताच."

"हा हात सैल सोडा," रसिका खाली वाकून म्हणाली. "बाकी सगळं आवळा."

किशोरीने पाय आवळले. मांड्या थरथरल्या, गाल तापले. डोळे मिटायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं. ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली. टोचल्याचं कळलं. कसंसंच झालं, पण डोळ्यांपुढे अंधारी आली नाही.

"झालं," बाबू म्हणाला.

तिने मान वळवली. नळीत आपलं रक्त बघितलं आणि रडू लागली. सुदेश घाबरला.

"दुखता?"

"नाय रे," ती हुंदके देत म्हणाली. "माका रडू येता. वर्षान रडू येता."

लिथियमची गोळी सुरू झाली. पुढचे पाच आठवडे तिने पाच वेळा रक्त दिलं. दोनदा घेरी आली. शंभराची भीती साठावर आली आणि तिथेच थांबली. रसिकाने तो आकडा जसाच्या तसा लिहून घेतला. गोळीने बोटं थोडी कापायची, तहान लागायची. पण सकाळी उठल्यावर दिवस डोंगराएवढा दिसत नव्हता.

सहाव्या आठवड्यात सुदेशला भाडं होतं. किशोरी एकटीच एसटीने सावंतवाडीला गेली. लॅबमध्ये बाबू रजेवर होता. त्याच्या जागी भक्ती नावाची नवीन मुलगी होती. तिने खुर्ची पुढे केली.

"मी आडवी होतलंय," किशोरीने सांगितलं. "माका सुयेची भीती आसा. हो हात मी सैल ठेवतंय. तू घाई करू नको."

ती टेबलावर चढली आणि पदर सावरून पाय आवळायला लागली.